तेलविहिरीच्या जागेवर गवत तर आलं, पण जमलं का? नवीन माणसासाठी मोजणीची पद्धत

विहीर संपली, सिमेंटचं बूच बसलं, टाक्या-पाइप उचलून नेले, खडी काढली, बाजूला ढीग करून ठेवलेली वरची माती परत पसरली, बी पेरलं. आणि एक-दोन वर्षांनी कुणीतरी तुमच्या हातात क्लिपबोर्ड देऊन म्हणतं, जा जरा, कसं उगवलंय बघून ये. या कामात बहुतेक सगळे असेच येतात, मीपण अशीच आले. पहिल्या साइटवर गाडीतून उतरले, चारी बाजूंनी नजर फिरवली आणि फॉर्मवर लिहून टाकलं, "७० टक्के हिरवं, छान". संध्याकाळी आमच्या सिनियर बाईंनी फॉर्म बघितला आणि एवढंच विचारलं, हिरवं म्हणजे काय काय? मला एकाही रोपाचं नाव सांगता येईना. दुसऱ्या दिवशी परत गेले तर ते सगळं हिरवं म्हणजे कोचिया आणि रशियन थिसल, एका हंगामात उगवून वाळून वाऱ्यावर गडगडत जाणारं तण, आणि पेरलेलं गवत त्याच्या बुडाशी शोधून शोधून सापडत होतं, बोटाएवढं.

तर माझ्यासारखी फजिती होऊ नये म्हणून हे लिहितेय. सगळ्या पद्धती सांगत बसणार नाही, एका माणसाला किंवा दोघांना टेप, सळई आणि फावडं घेऊन जे करता येतं तेवढंच सांगते. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, की "किती उगवलं" हे मोजणं तसं सोपं आहे, डोकं लागतं ते "कशाच्या तुलनेत" हे ठरवायला, निम्म्या चुका तिथेच होतात.

जायच्या आधी कागद बघा

कंटाळवाणं आहे पण करा. साइटची फाइल मागून घ्या आणि चार-पाच गोष्टी शोधा. पेरणी कधी झाली, कुठलं बी किती टाकलं, ड्रिलने (ओळीत बी पेरणाऱ्या यंत्राने) पेरलं की नुसतं फेकलं, वरची माती किती दिवस ढिगात पडून होती (ढीग जेवढा उंच आणि जेवढा जुना तेवढी आतल्या भागातली बुरशी, जिवाणू मरत जातात, मुळांना मदत करणारी बुरशी तर नक्कीच), आणि ही जागा कायमची बंद झालेली आहे की विहीर अजून चालू आहे. हा शेवटचा मुद्दा नवीन लोकांना माहीतच नसतो. ड्रिलिंगच्या वेळी रिग (विहीर खणायचं मोठं यंत्र), टाक्या, ट्रक यांना एक-दोन हेक्टर जागा लागते, पण एकदा विहीर चालू झाली की तेवढी लागत नाही, मग उरलेल्या भागावर विहीर चालू असतानाच पेरणी करतात. ती मधली पेरणी. शेवटची पेरणी विहीर बुजवल्यावर. दोन्हीकडून अपेक्षा वेगळी, म्हणून मोजायच्या आधी माहीत पाहिजे.

बियांच्या पावतीवर शुद्धता आणि उगवण असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार करा. शुद्धता ९० टक्के आणि उगवण ८० टक्के असेल तर खरं जिवंत बी ७२ टक्केच, म्हणजे १० किलोच्या पोत्यातलं ७ किलो २०० ग्रॅम. पुढे रोपं कमी दिसली तर दोष जमिनीचा की पोत्याचा हे कळायला हा हिशोब लागतो.

आणि नियम काय म्हणतो ते वाचा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. उदाहरण म्हणून, कॅनडातल्या अल्बर्टामध्ये २०१० चे निकष आहेत, त्यात जमिनीची ठेवण, माती आणि वनस्पती अशा तिन्ही गोष्टी तपासतात, आणि शेतजमीन, गवताळ जमीन, जंगल यांचे निकष वेगवेगळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये तेल-गॅसच्या जागांसाठी शेतीबाहेरच्या जमिनीवर साधारण असा नियम आहे की झाडोऱ्याचं आच्छादन आधीच्या किंवा शेजारच्या तुलनेच्या जागेच्या ८० टक्के तरी हवं आणि त्यात त्रासदायक तण धरायचं नाही. यातला "८० टक्के" सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि "तुलनेच्या जागेच्या" हे शब्द सगळे विसरतात. जमिनीचा ८० टक्के भाग झाकलेला पाहिजे असा त्याचा अर्थ नाही! कोरड्या माळावर न खणलेली जमीनसुद्धा कधी कधी ४० टक्केच झाकलेली असते, तिथे ३२ टक्के आलं की झालं.

जागेचे तुकडे पाडा

वेल पॅड (विहिरीसाठी सपाट केलेली सगळी जागा) लांबून एकसारखा सपाट दिसतो, पण तो एक नसतो. मधोमध जिथे रिग उभी होती तिथली जमीन दगडासारखी दाबलेली असते. कडेला जिथे मातीचा ढीग होता तिथे झाडोरा भरपूर येतो. एका कोपऱ्यात चिखलाचा खड्डा असेल, ज्यात ड्रिलिंगमधून निघालेला चुरा पुरलेला असतो, तिथे खारेपणा वर येऊ शकतो. डोंगर कापून सपाट केलेली बाजू आणि भराव टाकलेली बाजू वेगळी. येणारा रस्ता वेगळा. हे सगळं एकत्र करून सरासरी काढली की कडेचं हिरवं मधल्या टकलाला झाकून टाकतं आणि कागदावर साइट पास होते.

म्हणून आधी पूर्ण जागेवरून पायी फिरा, एक हाताने काढलेला नकाशा करा (छान नाही आला तरी चालेल), आणि तीन किंवा चार भाग पाडा. प्रत्येक भागात वेगळं मोजायचं. पाइपलाइनच्या पट्ट्यातपण तेच, चरावरचा भाग, ज्या बाजूला माती काढून टाकली होती तो भाग, आणि ज्या बाजूने मशीन चालली तो भाग, तिघांची तब्येत वेगवेगळी असते. चरावरची माती काही वर्षांत खाली बसते, पाणी साचतं किंवा चरच ओढा होऊन वाहायला लागतो, ते डोळ्यांना दिसतं पण फॉर्ममध्ये रकाना नसतो म्हणून कुणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

तुलनेची जागा

इथे वेळ घालवा, घाई करू नका. तुलनेची जागा म्हणजे शेजारचा असा तुकडा जो कधी खणला नाही आणि जो तुमच्या जागेसारखाच आहे: तोच मातीचा प्रकार, तोच उतार, उताराची तीच दिशा, जवळपास तेवढाच चराईचा ताण. मातीचा नकाशा मिळाला तर घ्या, पण नुसत्या नकाशावर विसंबू नका, फावड्याने दोन्हीकडे फूटभर खणून रंग आणि पोत बघा. पॅड मुरमाड टेकाडावर आणि तुलनेची जागा खालच्या ओलसर खोलगट भागात घेतली तर पॅड बिचारा कधीच पास होणार नाही. उलटपण होतं, आणि ते जास्त होतं. मी एकदा तुलनेची जागा म्हणून रस्त्याच्या जवळचा सोयीचा तुकडा घेतला, पुढे १५० मीटरवर जनावरांच्या पाण्याचा हौद होता हे बघितलंच नाही, तिथलं गवत गुरांनी इतकं खाल्लं होतं की आमचा पॅड ११० टक्के निघाला. मी खूशसुद्धा झाले होते.

दुसरी गंमत म्हणजे जनावरांना कोवळं पेरलेलं गवत फार आवडतं, आजूबाजूचं जुनं सोडून ती पॅडवरच येऊन चरतात. म्हणून कुंपण आहे का, आहे तर कधी काढलं, हे लिहून ठेवा. कुंपणाच्या आतला पॅड आणि बाहेरची चरलेली जमीन, ही तुलना नाहीच.

शक्य असेल तर एकाऐवजी दोन-तीन तुलनेच्या जागा घ्या. निसर्गात दोन शेजारचे तुकडेसुद्धा सारखे नसतात, ते आपसात किती वेगळे आहेत हे कळलं की तुमचा पॅड खरंच मागे आहे की नेहमीच्या फरकातच बसतो ते कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅड आणि तुलनेची जागा एकाच आठवड्यात मोजा, जमलं तर एकाच दिवशी. मागच्या वर्षीचा तुलनेचा आकडा यंदा वापरायचा नाही. यंदा पाऊस चांगला झाला तर पॅड सुधारल्यासारखा वाटेल, खरं तर सगळंच सुधारलेलं असतं.

कधी जायचं? गवत भरात असताना, फुलोरा आलेला असताना, कारण तेव्हाच ओळखता येतं. दरवर्षी त्याच तारखेला जाण्यापेक्षा वाढीच्या त्याच टप्प्यावर जाणं बरं.

टेप आणि सळई

आता प्रत्यक्ष मोजणी. पद्धत जुनी, साधी आणि माझ्या मते नवीन माणसासाठी सगळ्यात बरी. २५ मीटरचा टेप, दोन खुंट्या, एक बारीक सरळ सळई (सायकलच्या चाकाची तारपण चालते, जेवढी बारीक तेवढी चांगली, जाड काठीने आच्छादन जास्त येतं).

टेप ताणून जमिनीच्या जवळ बांधा. दर अर्ध्या मीटरवर सळई सरळ खाली सोडायची, टेकवायची नाही, सोडायची. खाली जाताना ती ज्या ज्या रोपाला लागली त्याचं नाव वरून खाली या क्रमाने सांगायचं, एक रोप एकदाच. मग सगळ्यात खाली काय आहे ते: वाळलेला पाला, दगड, शेवाळ, रोपाचं बूड, की नुसती माती. दोघं असाल तर एक सळई धरतो आणि एक लिहितो, आणि अर्ध्या तासात त्याला एक लय येते, "वरती गवत, खाली पाला", "काही नाही, पाला", "काही नाही, माती", "झुडूप, खाली गवत, माती". शेवटची ओळ बघा, खाली माती असली तरी वर झुडूप आहे, म्हणून तो बिंदू उघडा धरायचा नाही. उघडी जमीन म्हणजे वर काहीच नाही आणि खालीही पाला-दगड नाही, तेवढेच बिंदू. इथे नवीन लोकांची फार गल्लत होते.

२५ मीटरवर ५० बिंदू मिळाले. अशा चार ओळी म्हणजे २०० बिंदू. ७६ बिंदूंवर काहीतरी जिवंत लागलं तर आच्छादन ३८ टक्के, संपलं.

आता दोन गोष्टी ज्या मी चुकून शिकले. पहिली, ड्रिलने पेरलेल्या जागेवर टेप पेरणीच्या ओळींना समांतर लावू नका, कधीच नाही. मी लावला होता, आणि एक टेप पूर्ण गवताच्या ओळीवरून गेला तर दुसरा पूर्ण दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्टीवरून, एकात ७० टक्के, एकात १२. आडवा किंवा तिरपा लावायचा. दुसरी, वारा. वाऱ्यात गवताची पाती हलतात आणि मन आपोआप "लागलं लागलं" म्हणतं. वारा थांबेपर्यंत थांबा किंवा सकाळी लवकर जा.

आणि टेप कुठे लावायचा हे तुम्ही ठरवू नका. जागा बघून ठरवलीत की हात आपोआप हिरव्याकडे जातो, किंवा तुम्ही चिडलेले असाल तर टकलाकडे. नकाशावर चौकोन आखून मोबाइलवरून रँडम आकडे काढा आणि तिथेच लावा, काटे असले तरी.

चौकटीची पद्धतपण आहे, २० बाय ५० सेंटिमीटरची चौकट ठेवून आतलं आच्छादन डोळ्यांनी गटात बसवायचं (०-५, ५-२५, २५-५० असं), १९५९ पासून चालत आलेली. वेगवान आहे. पण दोन माणसांचे अंदाज जुळत नाहीत, म्हणून सळई बरी म्हणते. फक्त पहिल्या वर्षी चौकट वापरा, कारण तेव्हा आच्छादन नगण्य असतं आणि मोजायची असतात रोपं: चौरस मीटरला पेरलेल्या गवताची किती, तणाची किती. पहिल्या वर्षीची रोपं म्हणजे फक्त उगवण, पहिला कडक हंगाम जाऊ द्या मग बोला.

टेप लावलाच आहे तर फटी पण मोजा

हे फार कमी लोक करतात आणि दहा मिनिटांचं काम आहे. टेपवर एका रोपाच्या आच्छादनापासून पुढच्या रोपापर्यंतची मोकळी जागा, २० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर सुरुवात-शेवट लिहा. का? कारण दोन पॅड ४० टक्के झाकलेले असू शकतात, एकात गवत सगळीकडे विखुरलेलं आणि दुसऱ्यात तीन-तीन मीटरची टकलं आणि मध्ये मध्ये दाट पुंजके. आकडा एकच, पण दुसऱ्या पॅडवरून वारा माती उडवून नेतो आणि पाणी वाहताना अडत नाही. मीटर-दोन मीटरपेक्षा मोठ्या फटी किती, हे मला आच्छादनाच्या टक्क्यापेक्षा जास्त सांगून जातं.

फिरताना उताराकडेही बघा: बोटभर नाल्या पडल्यात का, गवताच्या बुडाखालची माती वाहून बूड स्टुलासारखं उंच राहिलंय का, पाल्याचे छोटे बांध झालेत का.

आकडा फोडा

समजा पॅडवर ३८ टक्के आणि तुलनेच्या जागेवर ५२. भागाकार केला तर ७३ टक्के. नापास, पण जवळ आहे, अजून एक वर्ष, असं वाटतं. आता त्या ३८ मध्ये काय आहे ते बघा. १५ टक्के एकवर्षी तण निघालं. म्हणजे बहुवर्षायू फक्त २३. तुलनेच्या जागेत बहुवर्षायू ४८. २३ ला ४८ ने भागलं तर जेमतेम ४८ टक्के. ही जागा "जवळ" वगैरे काही नाही, निम्म्यावर आहे. तीच मोजणी, तोच टेप.

आधार म्हणून पेरलेलं ओटसारखं एकवर्षी पीकपण यशात धरू नका, ते माती धरून ठेवायला पेरलेलं असतं, दुसऱ्या वर्षी जायचंच असतं.

पुढचा प्रश्न, कोण कोण आहे. पेरलेलं गवत जोरात आलं म्हणजे सगळं जमलं असंही नाही. उत्तर अमेरिकेत क्रेस्टेड व्हीटग्रास नावाचं युरोप-आशियाकडून आणलेलं गवत खूप पेरलं गेलं, कारण ते हमखास उगवतं आणि माती धरतं. पण ते दशकानुदशकं तसंच एकट्याचं राज्य करून राहतं, मूळचं काही आत येऊ देत नाही. आच्छादनात पैकीच्या पैकी, विविधतेत भोपळा. आणि सेजब्रश या झुडपाच्या कोरड्या माळांवर उलट अडचण, गवत दोन-तीन वर्षांत येतं पण ते झुडूप यायला दशकं लागू शकतात, बी इतकं बारीक की खोल पेरलं की संपलंच. तिथे तिसऱ्या वर्षी झुडपाचं आच्छादन मागण्यात अर्थ नाही, झुडपाची रोपं आहेत का, मोजता येतील एवढी, हे विचारायचं.

सारखेपणा मोजायची एक घरगुती रीत सांगते. दोन्हीकडच्या एकूण आच्छादनाला १०० धरून वाटे पाडा. तुलनेच्या जागेत झुपक्याचं गवत ५०, पसरणारं गवत २०, फुलझाडं १०, झुडपं २०. पॅडवर ७५, ५, ५, ५ आणि तण १०. प्रत्येक गटात दोघांतला लहान आकडा घ्या आणि बेरीज करा: ५० अधिक ५ अधिक ५ अधिक ५, झाले ६५. म्हणजे ६५ टक्के सारखं. पुढच्या वर्षी ७० झालं तर गाडी बरोबर दिशेने चाललीय, ५५ झालं तर काहीतरी बिघडतंय, भले आच्छादन वाढलेलं असो. जातीनिहाय केलं तर अजून चांगलं, पण गटांपासून सुरुवात करा.

शेतजमीन असेल तर हे सगळं गुंडाळून ठेवा, तिथे शेजारच्या त्याच शेतातलं तेच पीक बघायचं: रोपांची दाटी, उंची, कणसं भरलीत का.

फावडं विसरू नका

झाडोरा येत नाही तेव्हा उत्तर बहुतेक वेळा खाली असतं. टेपच्या शेजारी फूट-दीड फूट खोल एक खड्डा घ्या आणि पेरलेल्या गवताचं एक झुपकं मुळासकट उभं कापून बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुळं १४ सेंटिमीटरपर्यंत सरळ खाली आली होती आणि तिथून जणू फरशीवर आपटल्यासारखी काटकोनात वळून आडवी पसरली होती. वर पसरलेली माती मऊ, खाली रिगने दाबलेला थर, कुणी तो नांगरून फोडलाच नव्हता. असं गवत चांगल्या पावसात झकास दिसतं आणि पहिल्या कोरड्या वर्षी जातं. तीन वर्षांच्या टक्केवारीने जे सांगितलं नसतं ते एका खड्ड्याने सांगितलं.

पेनेट्रोमीटर (मातीचा कडकपणा मोजायची दांडी) असेल तर खुपसून बघा, साधारण २ मेगापास्कलच्या पुढे बहुतेक मुळांची वाढ अडते. पण हा आकडा ओलाव्यावर नाचतो, कोरडी माती नेहमी कडक लागते, म्हणून पॅड आणि तुलनेची जागा एकाच दिवशी, शक्यतो पाऊस होऊन गेल्यावर.

खारेपणा. तेलाबरोबर वर येणारं पाणी अनेकदा समुद्राहून खारं असतं, ते कधी सांडलं असेल तर तिथे पांढरी पापुद्री येते किंवा माती ओली असताना साबणासारखी आणि वाळली की विटेसारखी होते. नमुना लॅबला द्या, विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर म्हणजे खारी जमीन, सोडियमचं शोषण गुणोत्तर १३ च्या वर म्हणजे सोडियमने बिघडलेली. हे आकडे मातीचा लगदा करून काढलेल्या पाण्याचे आहेत. लॅबने एकास दोन पाणी घालून मोजलं असेल तर आकडा कमी येतो, आणि तुम्ही तो ४ शी ताडून खूश होता. रिपोर्टवर पद्धत कुठली ते विचारा.

आणि एक स्वस्तातली टेस्ट, मातीचा ६-८ मिलिमीटरचा खडा बारीक जाळीवर ठेवून पाण्यात सोडा, पाच मिनिटं बघा. लगेच विरघळला तर माती मेलेली आहे, टिकला तर मुळांनी आणि जिवाणूंनी ती धरायला सुरुवात केलीय. याचे १ ते ६ असे गुण द्यायची रीत आहे.

किती ओळी पुरे?

गणित आवडत नसेल तरी हा भाग वाचा. समजा पाच ओळींचे आकडे आले ३०, ४२, २५, ४८, ३५. सरासरी ३६. तुलनेची जागा ४४, त्याचे ८० टक्के म्हणजे ३५.२. पास! पण या पाच आकड्यांवरून खरी सरासरी ९० टक्के खात्रीने कुठे आहे हे काढलं तर उत्तर येतं साधारण २७ ते ४५ च्या मध्ये कुठेतरी. म्हणजे खरं तर तुम्हाला माहीतच नाही. अजून ओळी टाका, ती पट्टी अरुंद होत जाईल.

इथे एक पळवाट आहे. काही रिपोर्टमध्ये लिहितात "पॅड आणि तुलनेच्या जागेत लक्षणीय फरक आढळला नाही, सबब यशस्वी". अहो, तीनच ओळी टाकल्यात तर फरक कुठून आढळणार? कमी मोजा आणि पास व्हा, असं झालं हे. बरोबर प्रश्न उलटा आहे: जागा निकषाच्या वर आहे याची खात्री किती. अमेरिकेत कोळसा खाणींसाठी १९७७ चा कायदा आहे, त्याच्या नियमांत निकषाच्या ९० टक्के तरी हवं आणि मोजणी ९० टक्के सांख्यिकी खात्रीची हवी असं आहे, शिवाय जबाबदारी वर्षाला २६ इंचांपेक्षा जास्त पाऊस असलेल्या भागात ५ वर्षं आणि त्याहून कमी पावसाच्या भागात १० वर्षं राहते. तेल-गॅसला तो कायदा लागू नाही, पण कोरड्या भागात दुप्पट वेळ द्यायची ही अक्कल उचलण्यासारखी आहे.

सॅटेलाइटबद्दल सगळे विचारतात

उपयोग आहे, पण एकट्याचा नाही. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासून आहेत, एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरच्या पॅडवर १०० पिक्सेल. लँडसॅटचा ३० मीटरचा, त्याच पॅडवर जेमतेम ११, आणि त्यातले निम्मे कडेचे, अर्धे पॅड अर्धे माळ. पण लँडसॅटची अशी चित्रं १९८० च्या दशकापासून आहेत, म्हणून विहीर खणायच्या आधी ती जागा कशी होती हे बघायला त्याच्यासारखं काही नाही. शंभर पॅडपैकी आधी कुठे जायचं हे ठरवायलाही उत्तम. मात्र हिरवेपणाचा निर्देशांक कोचियालाही हिरवाच म्हणतो. माझ्या पहिल्या फॉर्मसारखाच.

साधे फोटो जास्त कामाचे. ठरलेल्या खुंटीवरून, ठरलेल्या दिशेला, दीड मीटर उंचीवरून, पाटीवर साइट नंबर आणि तारीख लिहून. झूम नको.

जाताना

फॉर्मवर शेवटी तुमचं मत लिहा, आकड्यांच्या खाली, दोन ओळी: गवत स्वतःचं बी धरतंय का, ओळींच्या मध्ये त्याची नवी पिल्लं दिसतायत का, तण वाढतंय की हटतंय. पेरलेल्या रोपांच्या मध्ये न पेरलेली, शेजारच्या माळावरून आपणहून आलेली रोपं दिसली तर नावासकट लिहा, मला तरी त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा होत नाही. नापास असेल तर कुठल्या भागात आणि का, माती की बी की जनावरं की नुसता पाऊस कमी, हे लिहा, नाहीतर पुढचा माणूस त्याच कडक थरावर परत तेच बी पेरतो.

आणि खुंट्या. टेपच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकून ठेवा, जीपीएस नोंद करा, कारण पुढच्या वर्षी हीच ओळ परत मोजायची आहे आणि जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. पण खुंटी जमिनीच्या बरोबरीने ठोका, वर फक्त रंगवलेलं वॉशर दिसेल इतपत. मी वीतभर वर ठेवली होती, सापडावी म्हणून. सापडली, जमिनीच्या मालकाच्या ट्रॅक्टरच्या टायरला.